राक्षसाचं माप

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना शेपटी होती.

नांदुऱ्याच्या एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक वरचा मजला रिकामा आहे असं कळलं, म्हणून भर दुपारी जाऊन दार वाजवलं. दार उघडलं ते पासष्टी ओलांडलेल्या, उंच, वाळक्या अंगाच्या गृहस्थांनी. अंगात बनियन, खाली पायजमा, आणि पायजम्याच्या मागून निघून उंबऱ्यावर दोन वळसे घेऊन पडलेली सात फुटी शेपटी. सायकलच्या जुन्या ट्यूबा जोडून केलेली, वरून तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे खवले शिवलेली. शेपटीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खोल्या दाखवल्या, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, जिना चढताना शेपटी उचलून खांद्यावर टाकली. उतरताना मात्र मला राहवलं नाही. विचारलंच. ते म्हणाले, "तपासून राह्यलो. जिन्यात अडकते का ते पाह्यलं."

अडकत नव्हती. पुढच्या आठवड्यात बायको, मुलगी आणि मी असे आम्ही तिघं तिथे राहायला गेलो.

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. जन्मभर एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचे पट्टे, दाते, बेअरिंग यांत त्यांची बोटं आणि निम्मे कान खर्ची पडले होते. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि मग त्यांनी हा उद्योग काढला. खालच्या दोन खोल्यांपैकी एकीत ते राहत. दुसरीत पत्रे, ट्यूबा, गोण्या, सुतळीची बंडलं, वाळलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे, भारे. त्यातून ते मुलांसाठी सामान करत. पऱ्यांचे पंख, राक्षसाची शिंगं, जादूच्या काठ्या, उडणाऱ्या घोड्याचं खोगीर. शाळांमधून फॅन्सी ड्रेसचा हंगाम आला की त्यांच्या ओट्यावर आया मुलांना घेऊन उभ्या असत, आणि बहुतेक आया रागावून परत जात.

कारण त्यांचे नियम. इतिहासातल्या कुणाचंही सामान ते करत नसत. एकदा एक वजनदार गृहस्थ पुतण्यासाठी राजाचा जिरेटोप मागायला आले. मिस्त्रींनी त्यांना दारातूनच सांगितलं, की जे लोक होऊन गेले त्यांचं सामान त्यांच्यापाशी, मी न झालेल्यांचं करतो. दुसरा नियम असा, की काय करायचं ते मुलानंच सांगायचं. मूल स्टुलावर बसणार, मिस्त्री खाली फरशीवर, आणि आईबाप दाराच्या बाहेर. बाहेरून कुणी "अहो, तिला गुलाबी पाहिजे" असं म्हटलं, की ते मुलाला स्टुलावरून उतरवत आणि दुसऱ्या कुणाला घेऊन ये म्हणून घरी पाठवत. आईबापांना ते 'सोबतचे लोक' म्हणत.

तिसरा नियम मला सगळ्यात जास्त आवडायचा. कुणी हत्यार मागितलं, तर ते कुणासाठी, याचं आधी माप. शेजारच्या एका मुलीला भूत पकडायचं जाळं हवं होतं. मिस्त्रींनी विचारलं, भूत केवढं. ती म्हणाली, कपाटात मावतं. हा माणूस संध्याकाळी टेप घेऊन त्यांच्या घरी गेला, कपाटातले कपडे काढायला लावले आणि आतून लांबी, रुंदी, खोली घेऊन आला. मुलीची आई तोंडाला पदर लावून हसत होती. मिस्त्री हसले नाहीत. मला नंतर म्हणाले, "सर, भेवाचं माप नाही घेतलं तर सामान ढिल्लं बसते." मी हे वाक्य शाळेत दोनतीनदा वापरलं आणि स्वतःचं म्हणून खपवलं.

तपासणीचं तर विचारू नका. केलेली वस्तू आधी स्वतः वापरायची, मग मुलाच्या हाती द्यायची. शिंगं घालून ते भाजी आणायला जात आणि वांग्यांची घासाघीस करत. भाजीवाल्याही सरावल्या होत्या. एकदा पऱ्हाटीच्या काड्यांवर गोणपाट ताणून त्यांनी मोठे पंख केले आणि ते लावून सरळ स्टेशन गाठलं. नांदुऱ्याला न थांबणारी गाडी धडधडत जाते तेव्हा फलाटावर जो वारा सुटतो, तो त्यांना हवा होता. फलाटाच्या टोकाला पंख पसरून उभे राहिले. लोक ओरडले, पोलीस धावला, आणि गाडी गेल्यावर त्यांना हाताला धरून स्टेशनमास्तरांच्या खोलीत बसवण्यात आलं. बातमी ऐकून मी धावत गेलो. साहेबांच्या समोर बसून मिस्त्री त्यांना समजावत होते, की गाडीचं वारं फुकट असतं, ते वापरलं तर रेल्वेचं काय जातं. घरी येताना रस्ताभर मी त्यांना झापलं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस, पण मी कुणाचं वय बघत नाही. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, उजवा पंख ढिल्ला निघाला, बरं झालं आजच कळलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सांगलीकडचा, आणि माझा आवाज मोठा. गणिताच्या मास्तराला आवाज लागतोच. घरी येताना तो शाळेत ठेवून येता येत नाही, एवढंच. पाण्याची मोटर वेळेवर लावली नाही, भाजीत मीठ राहिलं, माझं लाल पेन कुणी उचललं, मुलीनं 'मला'च्या जागी इकडचं 'मले' म्हटलं, की माझा पारा चढायचा. कधी ताट सरकवलं असेल. कधी हातही उचलला असेल. पण मिनिटाभरात मी मोकळा. माझ्या पोटात काही राहत नाही, असं मी अभिमानानं सांगायचो. बायको काही बोलायची नाही, म्हणजे तिला पटतं, असा माझा हिशेब होता.

मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. त्या वर्षी तिच्या बाईंनी मला दोनदा बोलावून सांगितलं, की ती वर्गात बोलतच नाही. विचारलं तर मान खाली घालते. हजेरीला 'हजर' एवढंही म्हणत नाही. माझ्यासारख्या मास्तराची मुलगी मुकी म्हणून ओळखली जाणार, या विचारानं मी अस्वस्थ झालो. मी तिला समोर बसवून पाढे मोठ्यानं म्हणायला लावले. त्यानं ती घरातही बोलेनाशी झाली. बायको म्हणाली, स्नेहसंमेलनात फॅन्सी ड्रेस आहे, मिस्त्रींकडून काहीतरी करून घेऊ, त्या निमित्तानं चार शब्द बोलली तर बोलली. तिचं तोंड उघडावं, एवढीच आमची इच्छा होती.

मी तिला परी करायची ठरवली. चांदणीची काठी, दोन ओळींचं भाषण. तिला खाली घेऊन गेलो आणि नियम माहीत असूनही म्हणालो, परी करायची आहे. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप वर आलो. तासाभरानं मुलगी जिना चढून आली. काय ठरलं म्हणून विचारलं तर तिनं नुसती मान हलवली. मी आवाज चढवल्यावर म्हणाली, "सांगायचं नाही असं मी ठरवलंय." कित्येक दिवसांतलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या रविवारी सकाळी मिस्त्री वर आले. हातात लोखंडी टेप, खडू आणि जुनं वर्तमानपत्र. म्हणाले, "सर, तुमचं माप पाह्यजे. चालते ना?"

माझी कळी खुलली. आईबापांचाही काहीतरी वेश असणार, मी परीचा बाप म्हणजे राजा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चहा बाजूला ठेवून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. त्यांनी उंची घेतली. खांदे घेतले. उजवा हात खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजला. वर्तमानपत्रावर पंजा पसरायला लावून खडूनं कड काढली. मग म्हणाले, हात उगारून दाखवा. मी नाटकातल्या राजासारखा झोकात उगारला.

"असा नाही," ते म्हणाले. "रोजचा."

मी रोजचा उगारला. त्यांनी कोपऱ्यातला स्टूल ओढून त्यावर चढून जमिनीपासून माझ्या पंजापर्यंतचं अंतर घेतलं आणि खडूनं भिंतीवर खूण केली. मग म्हणाले, आता ओरडा. काय ओरडू म्हटलं, तर म्हणाले, रोजचंच. मी छाती भरून "कुठे मेले सगळे?" असं ओरडलो. ते जिना उतरून अंगणात गेले, तिथून फाटकाशी गेले, आणि हात वर करून पुन्हा म्हणून खुणावलं. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदाही ओरडलो. स्वयंपाकघरात बायकोचं लाटणं थांबलं होतं. मुलगी दाराआड उभी राहून टक लावून बघत होती. तिच्या तोंडावर काहीतरी होतं, जे मी बरेच महिने पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बापाचं कौतुक आहे. त्या दिवशी मी फार खुशीत होतो, आणि सोमवारी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, की माझाही पोशाख तयार होतोय.

मिस्त्री आता तिथे नसतात. वरवट बकालला पुतण्याकडे राहतात, गुडघ्यांनी दगा दिलाय असं ऐकतो. त्यांच्याबद्दल मी खूप जणांना सांगतो, शेपटीचं, पंखांचं, भुताच्या कपाटाचं, आणि लोक पोट धरून हसतात. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी माझा पोशाख काही आला नाही. मी इस्त्रीचा सदरा घालून शाळेच्या मैदानावर दुसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसलो. मुलगी मिस्त्रींबरोबर आधीच गेली होती. पऱ्या झाल्या, वाघ झाला, एक बोलणारं झाड झालं. मग आमची आली. अंगावर परीचं काही नव्हतं. नेहमीचा फ्रॉक, आणि हातात ढाल. ढाल म्हणजे दारच. तिच्यापेक्षा हातभर उंच, डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्याची, वरची कड पुढे छपरासारखी वाकवलेली. खाली दोन लहान चाकं होती म्हणून ती तिला ढकलता येत होती. मागच्या बाजूला जाड गादी शिवलेली, आणि तिच्यातून कापूस डोकावत होता. मला राग आला. एवढ्याशा पोरीला एवढं धूड कशाला, असं मी बायकोच्या कानाशी पुटपुटलो.

बाईंनी माइक मुलीच्या तोंडाशी धरला आणि विचारलं, तू कोण आहेस. ती बोलणार नाही असंच मला वाटलं.

"मी राखणदार," ती म्हणाली. स्वच्छ, मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

मी आनंदानं बायकोचा हात दाबला. बाईंनी विचारलं, कुणापासून राखतेस. ती म्हणाली, राक्षसापासून. राक्षस कुठे असतो. आमच्या घरी, वरच्या मजल्यावर. लोक हसले, मीही हसलो. बाईंनाही मजा वाटली. त्यांनी विचारलं, केवढा आहे गं तुझा राक्षस.

तिनं एक दम घेतला आणि पाढा म्हणावा तसं सांगितलं. "उंची पाच फूट आठ इंच. उजवा हात एकोणतीस इंच. हात उगारला की सात फूट दोन इंच. आवाज फाटकापर्यंत जातो. तो ओरडतो, कुठे मेले सगळे."

टाळ्या पडल्या. माझ्या मागे कुणीतरी शिटी मारली. मीही टाळ्या वाजवत होतो. हात थांबवायचे असतात हे मला सुचलंच नाही. पाच फूट आठ इंच ही माझी उंची. मग बाकीचे आकडे एकेक करून डोक्यात बसले. शेजारी पाहिलं तर बायको मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. माझ्याच शाळेतले दोन शिक्षक पुढच्या रांगेतून वळून माझ्याकडे पाहत होते. पोशाखाचं मी त्यांनाच सांगितलं होतं.

मिस्त्री मैदानाच्या कडेला, शाळेच्या फाटकापासून थोड्या अंतरावर उभे होते. रांगा ओलांडत मी त्यांच्याकडे गेलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माझ्या पोरीच्या डोक्यात हे भरवणारे तुम्ही कोण, गावासमोर माझी लाज काढलीत, मी उद्याच्या उद्या खोली सोडतो, असं बरंच. फाटकाशी उभे असलेले लोकही वळून बघत होते. मिस्त्री माझ्याकडे न बघता फाटकाकडे बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हाव, तेवढाच आहे. माप बरोबर घेतलं होतं."

ते शांतपणे सांगत राहिले. मुलगी स्टुलावर बसून म्हणाली होती, ढाल पाह्यजे. कुणापासून, तर राक्षसापासून. राक्षस कोण, तर बाबा. त्यांनी नेहमीसारखं माप घ्यायचं ठरवलं, आणि मी हसत हसत उभा राहिलो, तेव्हा मुलीनं मला घरी सांगितलंच असेल असं त्यांनी धरलं.

"म्या तर चार लोकाईले सांगितलं," ते म्हणाले. "सर लय मोठ्या मनाचा मानूस. पोरीचं भेव जावं म्हनून सोता राक्षसाचं माप देऊन राह्यला. असा बाप म्या पाह्यला नाही."

मी म्हणालो, "मिस्त्री, मला माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्टेशनवर पोलिसांनी पकडलं तेव्हाही या माणसाचा चेहरा हलला नव्हता. आता तो हलला. त्यांनी मागे हात चाचपून कुंपणाचा दगड शोधला आणि त्यावर बसले.

"माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "मंग हासून काऊन राह्यले होते?"

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. म्हणाले, माझ्याकडून गलत काम झालं, ज्याचं माप घ्यायचं त्याला सांगावं लागते. मग जोडलेले हात तसेच ठेवून, जवळजवळ माफीच्याच सुरात म्हणाले, "पन माप गलत नाही, सर."

आम्ही तिघं ढाल ढकलत घरी आलो. मुलगी रस्त्यात बोलत होती. झाडाच्या फांद्या कशा पडल्या, वाघाची मिशी कशी निघाली, सगळं. तिचं तोंड उघडलं होतं. आम्हाला जे हवं होतं ते झालं होतं. मी एक अक्षर बोललो नाही, कारण आवाज कितीचा निघेल याची मला खात्री नव्हती.

वर आल्यावर ढाल मधल्या खोलीत उभी केली. मी शक्य तेवढ्या हळू विचारलं, "एवढी मोठी कशाला गं केली?"

तिनं ढाल वळवून मला मागची बाजू दाखवली. गादीवर दोन मुठी होत्या, सायकलच्या हँडलच्या, रबरी. एक खाली, एक वर.

"ही माझी," ती म्हणाली. "ही आईची."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही शाळेत होता तेव्हा माझंही माप घेतलं त्यांनी. त्यांनी सांगितलं होतं मला, कशासाठी ते. आणि मी दिलं."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिनं मला एवढं सरळ काही सांगितलं नव्हतं. मला खूप काही म्हणायचं होतं. मी असा नाही, मनात काही नसतं, मिनिटाभरात विसरतो. यातलं एकही वाक्य तोंडाबाहेर काढण्यासारखं राहिलं नव्हतं. मी मुलीलाच विचारलं, "मग मी कुठे उभं राहायचं?"

असा प्रश्न काय विचारता, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही समोर," ती म्हणाली. "तिकडे, भिंतीजवळ. मग आम्ही दाखवतो."

मी भिंतीजवळ जाऊन उभा राहिलो. बायको हात पुसत आली, मुलीच्या मागे थोडी वाकली आणि तिनं वरची मूठ धरली. सवय असल्यासारखी धरली. ढाल माझ्याकडे वळली. वरून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. दोघींपैकी कुणीही मला दिसत नव्हतं.